समीकरण एकच, गुण वेगवेगळे

दहावीच्या बीजगणितात नेहमी येतो तसल्या धाटणीचा एक प्रश्न घेऊ. आयताची लांबी रुंदीपेक्षा ४ सेमीने जास्त आहे, क्षेत्रफळ ९६ चौसेमी आहे, तर लांबी आणि रुंदी काढा. गुण ४. बहुतेक मुलं रुंदी क्ष मानतात, लांबी क्ष + ४. गुणाकार केला की क्ष² + ४क्ष − ९६ = ० हे वर्गसमीकरण मिळतं. त्याचे अवयव (क्ष + १२) आणि (क्ष − ८). रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून −१२ सोडून द्यायचे. रुंदी ८, लांबी १२.

आता तपासायला आलेल्या गठ्ठ्यात दोन उत्तरपत्रिका अशा निघतात की दोन्हींत समीकरण आहे क्ष² − ४क्ष − ९६ = ०. नमुना उत्तरात अधिक चिन्ह आहे, इथे वजा. पहिल्या मुलीने लांबी क्ष मानली आहे आणि रुंदी क्ष − ४. तिचं सगळं बरोबर आहे. क्ष = १२ म्हणजे लांबी १२, रुंदी ८. दुसऱ्याने वर स्वच्छ लिहिलंय, रुंदी क्ष, लांबी क्ष + ४. क्ष(क्ष + ४) = ९६ हेही बरोबर मांडलंय. पुढच्या ओळीत मात्र चिन्ह फिरलं. त्याचं उत्तर रुंदी १२, लांबी १६.

नमुना उत्तर शेजारी ठेवून नुसती ओळीला ओळ जुळवणारा परीक्षक मुलीचे गुण कापेल. फक्त समीकरण आणि अवयव पाहणारा दोघांनाही सारखेच गुण देईल. दोघांनाही न्याय द्यायचा तर ‘समजा’ या शब्दापुढे मुलाने काय लिहिलंय तिथपासून वाचत यावं लागतं. बीजगणिताच्या तपासणीत हाताला किती गुण लागले यापेक्षा डोळे कुठून कुठे फिरले हे जास्त महत्त्वाचं असतं, असं मी परीक्षक असल्यापासून मानत आले आहे. आता नियामक म्हणून इतरांचे गठ्ठे पाहताना तर ते रोजच दिसतं.

राज्य मंडळाच्या दहावीला गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा. प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास, उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी असे सहा धडे. पेपर संपला की नऊ विभागीय मंडळांच्या हद्दीत उत्तरपत्रिका परीक्षकांकडे जातात. परीक्षकांवर नियामक आणि नियामकांवर मुख्य नियामक. उत्तरपत्रिका कोणाची आहे हे परीक्षकाला कळत नाही, कारण त्यावर बारकोड असतो. तपासणीआधी नमुना उत्तरांवर चर्चा होते, कोणत्या पायरीला किती गुण ते ठरतं. बाहेरच्या माणसाला ही चर्चा म्हणजे कागदोपत्री सोपस्कार वाटतो. माझ्या मते सगळी तपासणी त्या बैठकीवर उभी असते.

वरच्याच प्रश्नाचं बघा. मी गुण असे वाटेन: मांडणीला १, समीकरण प्रमाणरूपात आणायला १, ते सोडवायला १, योग्य किंमत निवडून उत्तर लिहायला १. चिन्ह चुकलेल्या मुलाला मांडणीचा गुण मिळाला, प्रमाणरूपाचा गेला. पुढे त्याने स्वतःचं चुकीचं समीकरण अगदी बिनचूक सोडवलं, −८ का सोडले तेही लिहिलं. मग सोडवण्याचा गुण का कापायचा? चिन्हाची शिक्षा त्याला एकदा मिळाली आहे. एकाच चुकीसाठी तीन वेळा गुण कापले तर आपण त्याचं बीजगणित तपासत नाही, त्याची एक घसरलेली रेघ पुन्हा पुन्हा मोजतो. शेवटच्या गुणाबद्दल मात्र मी कडक आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२. प्रश्नात ९६ दिलेत. उत्तर पडताळून पाहणं हा या प्रश्नाचाच भाग आहे, म्हणून तिथे पूर्ण गुण नाही. काही सहकारी म्हणतात अर्धा द्यावा, काही म्हणतात शून्य. अर्धा की शून्य यावर मला भांडायचं नाही. गठ्ठा उघडायच्या आधी तो निर्णय झाला पाहिजे आणि रत्नागिरीच्या मुलाला जो लागू तोच गोंदियाच्या मुलीला, एवढंच माझं म्हणणं. आणि ‘मुलाला’ म्हणताना त्यात मराठीबरोबर उर्दू, कन्नड, गुजराती, तेलुगू माध्यमाचीही मुलं आली. समीकरण सगळ्यांचं एकच असतं.

इंग्लंडमधली परीक्षा मंडळं हेच वेगळ्या पद्धतीने करतात. तिथे रीतीचे गुण आणि अचूकतेचे गुण आधीच वेगळे लिहिलेले असतात. रीत बरोबर आणि आकडेमोड चुकली तर रीतीचे गुण शाबूत. आधीच्या उत्तरातली चूक पुढे आली तरी पुढचं काम योग्य असेल तर त्याचे गुण कुठे द्यायचे, हेही गुणदानाच्या तक्त्यात नोंदवलेलं असतं. आपल्याकडच्या ‘पायऱ्यांच्या गुणां’मागचा विचार हाच आहे. फक्त चुकीच्या पायरीनंतर काय करायचं, हे आपण पुष्कळदा परीक्षकाच्या मनावर सोडतो, आणि मन रोज सारखं नसतं.

मनाचा हा हिशेब जुना आहे. १९१३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शाळाशिक्षकांकडून तपासून घेतली. गुण शंभरपैकी होते. सर्वांत कमी आले २८ आणि सर्वांत जास्त ९५. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी इंग्रजी विषयात हाच प्रयोग केला होता, तेव्हा लोक म्हणाले की निबंधात मतं वेगळी असणारच, गणितात असं होणार नाही. गणितात ते जास्तच झालं! कारण साधं होतं. कोणी मांडणीचे गुण कापले, कोणी नीटनेटकेपणाचे, कोणी फक्त चुकलेल्या उत्तराचे. माणसं बेइमान नव्हती. काय मोजायचं हे त्यांनी एकमेकांशी बोलून ठरवलं नव्हतं.

नवीन परीक्षकांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते. एक उत्तरपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून बाजूला ठेवू नका. आधी गठ्ठ्यातल्या सगळ्या उत्तरपत्रिकांचा पहिला प्रश्न तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. असं केलं की एका प्रश्नाचे निकष डोक्यात ताजे राहतात. आणखी एक फायदा म्हणजे पहिल्या पानावर झकास उत्तरं दिलेल्या मुलाची छाप त्याच्या चौथ्या प्रश्नावर पडत नाही, आणि पहिल्याच प्रश्नात गोंधळलेल्या मुलीकडे आपण पुढे संशयाने बघत नाही. निश्चयक काढून क्रेमरच्या रीतीने सोडवलेल्या उदाहरणात हे फार जाणवतं. पहिला निश्चयक चुकला तर अंतिम किंमती चुकणारच. पण दुसरे दोन निश्चयक बरोबर काढलेत की नाही, भागाकार योग्य मांडलाय की नाही, ते स्वतंत्र पाहावं लागतं. एकामागून एक तीस उत्तरपत्रिकांत तोच निश्चयक पाहिला की चूक कुठे सुरू झाली ते नजरेत भरतं.

हात दिवसभरात सरकतो, ही गोष्ट आम्ही सगळेच अनुभवतो. सकाळी आखडता, जेवणानंतर सैल, किंवा उलट. म्हणून दुपारी काम पुन्हा सुरू करताना सकाळच्या दोन-तीन उत्तरपत्रिका परत उघडून बघाव्यात. सकाळी अर्धा गुण दिला तिथे दुपारी पूर्ण देत असू तर थांबून मुळातला निर्णय वाचावा. नियामक म्हणून गठ्ठा पाहताना मीही प्रत्येक गठ्ठ्यातल्या वरच्या, मधल्या आणि काठावरच्या उत्तरपत्रिका काढते. काठावरच्या, म्हणजे एक-दोन गुणांवर अडलेल्या. तिथे परीक्षकाचं मन विरघळतं. पोरगं पास होऊ दे, असं कोणाला वाटणार नाही? पण हाच कनवाळूपणा शेजारच्या गठ्ठ्यातल्या मुलाला मिळालेला नसतो. तो कोणत्या परीक्षकाकडे गेला यावर त्याचं पास-नापास ठरत असेल, तर ती दया आहे असं मी म्हणणार नाही. काठावरच्या उत्तरपत्रिकेत गुण द्यायच्या राहिलेल्या पायऱ्या जरूर शोधाव्यात. मात्र तो शोध सगळ्याच उत्तरपत्रिकांत व्हायला हवा.

सर्वांत अवघड जातं ते रीत न लिहिता उत्तर काढणाऱ्या मुलाचं. आयताच्या प्रश्नाला एखादा मुलगा लिहितो, १२ × ८ = ९६, १२ − ८ = ४, म्हणून लांबी १२, रुंदी ८. दोन ओळी. मला असं मूल आवडतं, त्याला संख्या दिसतात. त्याने दिलेल्या दोन्ही अटी तपासल्या आहेत, दुसरं कोणतं उत्तर असू शकत नाही हे मात्र दाखवलेलं नाही. प्रश्नात ‘वर्गसमीकरण तयार करून’ असे शब्द असतील तर त्याला फार गुण देता येणार नाहीत, कारण विचारलं ते त्याने केलं नाही. तसे शब्द नसतील तर त्याला शून्य देणं मला मान्य नाही. इथे दोष बहुधा प्रश्न लिहिणाऱ्याचा असतो. रीत हवी असेल तर ती प्रश्नातच मागितली पाहिजे. न्याय्य तपासणीची अर्धी लढाई प्रश्नपत्रिका काढतानाच जिंकता किंवा हरता येते.

बहुपर्यायी प्रश्नांत मंडळाने हे चांगलं सांभाळलं आहे. प्रश्न १ (अ) मध्ये पहिल्या प्रयत्नातलं उत्तरच ग्राह्य धरलं जाईल, ही सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. नियम मुलालाही माहीत, परीक्षकालाही. खाडाखोड करून चारही पर्याय लिहिणाऱ्याबद्दल वाद उरत नाही. लांब उदाहरणांच्या बाबतीतही पायऱ्यांचे गुण मुलांना आधी कळावेत असं मला फार वाटतं. वर्गात सराव चाचणी तपासून देताना मी गुण समासात, ज्या ओळीला मिळाले तिथेच लिहिते आणि मग मुलांना एकमेकांच्या वह्या त्याच निकषावर तपासायला लावते. त्यांचे आपापसातले वाद ऐकण्यासारखे असतात. ‘समजा’ न लिहिणाऱ्या मित्राचा अर्धा गुण कापायचा की नाही, यावर आठवीतली मुलंसुद्धा तावातावाने बोलतात.

पालकांना निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि ती मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. छायाप्रत हाती आली की आधी बेरीज करा, मग एखादं उदाहरण तपासायचं राहून गेलंय का आणि पुरवणीतले गुण पहिल्या पानावर आलेत का ते बघा. त्यानंतर मूल जिथे चुकलं त्या ओळीवर बोट ठेवा आणि तिच्या खालच्या ओळी वाचा. त्या ओळींत बरोबर केलेलं काम असेल आणि समोर गुण नसेल, तर तेवढं पान घेऊन शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांकडे जा.