पहिल्याने बोलणाऱ्याची जोडी

दिवाळीत रिसोडसारख्या गावात तीन पत्तीचा डाव बसला, की वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिला बोलतो. पत्ते उचलून पाहिले आणि पंजीची जोडी निघाली, तर तो चाल खेळणारच. जोडी आली म्हणजे पत्ता लागला, अशीच सगळ्यांची समजूत. माझं म्हणणं असं, की सहा जणांच्या डावात पहिल्या जागेवरून ही जोडी बहुतेक वेळा पॅक करावी, म्हणजे टाकून द्यावी, आणि शेवटच्या जागेवर, पुढचे चौघे पॅक झालेले असताना, तीच जोडी बिनधास्त खेळावी. आपल्यामागे किती जण बोलायचे राहिलेत, त्यावर पत्त्यांची किंमत ठरते. पोकरमध्ये हा विचार फार आधीपासून रुजला आहे. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकी लेखकाने १९७६ सालच्या पुस्तकात सुरुवातीच्या दोन पत्त्यांचे बरे-वाईट गट पाडले. पहिल्याने बोलणाऱ्याने मोजकेच हात खेळावेत, हा तिथला पहिला धडा असतो. आपल्याकडे डाव पिढ्यानपिढ्या चालतो, पण जागेचा हिशेब क्वचितच कुणी करतो.

तो हिशेब अवघड नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात पडू शकतात. त्यांतल्या १६,४४० हातांत साधी जोडीसुद्धा नसते. ३,७४४ हातांत जोडी असते. कलरपासून ट्रेलपर्यंतचे, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे असण्यापर्यंतचे, सगळे मिळून १,९१६ भरतात. पंजीच्या वर छक्कीपासून एक्क्यापर्यंत नऊ जोड्या आहेत. त्या आणि कलरच्या पुढचे हात धरले, तर समोरच्या एका माणसाकडे आपल्याहून भारी पत्ते असण्याची शक्यता सुमारे २० टक्के येते. एकच जण उरला असेल तर पाचांत चार वेळा आपण वरचढ. पण मागे पाच जण बसलेले असताना त्यांतल्या कुणाकडे तरी भारी पत्ते असण्याची शक्यता ६८ टक्क्यांच्या घरात जाते. राणीच्या जोडीला हाच आकडा सुमारे ४५, आणि एक्क्याच्या जोडीलाही ३६. पोकरमध्येही हेच दिसतं. नऊ जणांच्या टेबलावर एक्का-गुलाम घेऊन पहिल्याने बोलणाऱ्याच्या मागे आठ जण असतात. त्यांतल्या एखाद्याकडे एक्का-राणी, एक्का-राजा किंवा गुलामापासून वरची जोडी असण्याची शक्यता सुमारे २४ टक्के. मागे दोघेच उरले तर ती ७ टक्क्यांवर येते.

यावर जाणता खेळाडू रास्त आक्षेप घेईल. सहा जणांत प्रत्येकाचा सरासरी वाटा सतराएक टक्के. पंजीची जोडी ३२ टक्के वेळा सगळ्यांत भारी ठरत असेल, तर ती सरासरीच्या दुप्पट झाली. मग टाकायची कशाला? सहाही जण शेवटपर्यंत बसून राहिले असते, तर हा आक्षेप मला मान्यच करावा लागला असता. पण तसं होत नाही. समजा, बूट, म्हणजे प्रत्येकाने सुरुवातीला टाकायची रक्कम, दहा रुपये आहे. तुम्ही पत्ते पाहून पहिली चाल वीसची केली. ज्यांच्याकडे काही नाही ते पॅक करतात, आणि तुम्ही खरोखर वरचढ असता तेव्हा पदरात पडतात इतरांच्या बुटाचे पन्नास रुपये. दोन फेऱ्या टिकून राहतो तो मात्र बहुधा भारी पत्तेवाला, आणि त्याच्यासमोर दर फेरीला वीस, चाळीस जात राहतात. जिंकलात तर बूट, हरलात तर चालींवर चाली: पहिल्या जागेवरच्या लहान जोडीचं खरं दुखणं हे आहे, आणि टक्केवारीच्या आकड्यात ते दिसत नाही. शेवटच्या जागेवर तोच माणूस इतरांचं बोलणं ऐकून निर्णय घेतो.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो ब्लाइंडचा. मागचे सगळे ब्लाइंड खेळत असतील, तर त्यांचे पत्ते त्यांनाच ठाऊक नसतात आणि फालतू हातावरही ते पैसे लावत राहतात. अशा डावात पंजीची जोडी पहिल्या जागेवरूनही चालते. पण एक भान ठेवावं लागतं: पत्ते पाहिलेल्याला ब्लाइंडच्या दुप्पट भरावं लागतं, म्हणजे मागच्याला टिकून राहणं निम्म्या पैशात पडतं. दुसरी तक्रार अशी, की भारी पत्त्यांवरच चाल केली तर सगळे आपल्याला ओळखतील. वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसणाऱ्या पोकरपटूंसाठी ती खरी आहे, आणि ते मुद्दाम अधूनमधून हलके हात मिसळतात. दिवाळीच्या दोन-चार तासांत इतकी नोंद ठेवणारा भिडू विरळाच.

हे सगळं जुगाराला खतपाणी आहे, असं काही वाचकांना वाटेल. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. पैसे लावा असं मी सुचवत नाही. उलट हा हिशेब ज्याला कळला, त्याला पत्ता लागला म्हणून उसनवारी करून डावात टिकून राहणं जमणार नाही. पडताळा पाहायला पैसे लागतही नाहीत. गड्डीतून दोन पंज्या आणि एक राजा बाजूला काढा, उरलेले पत्ते पिसून पाच जणांना तीन-तीन वाटा, उघडून पाहा, पुन्हा पिसा. घरातल्या मुलांना वहीत रेघा ओढायला बसवा. शंभर वाटण्यांत साधारण बत्तीस वेळा तुमची जोडी वर राहील; पाचाऐवजी एकालाच वाटलंत, तर ऐंशीच्या आसपास.