पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही?

आईची चप्पल अंगणातच राहिली आणि ती अनवाणी घरात आली, तिला पत्ताच नाही. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की असं होतं. फिजिओथेरपिस्टने तळव्याला १० ग्रॅम दाबाचा बारीक नायलॉनचा धागा टेकवून पाहिला. अंगठ्याखाली तिला काहीच जाणवलं नाही.

पायांकडून मेंदूला खबर मिळेना, की तोल बराचसा डोळ्यांच्या भरवशावर. म्हणून तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, अंधारात तर जास्तच. व्यायामाने गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, पण तोल आणि ताकद सुधारू शकते. आई ओट्याला धरून १० वेळा टाचा उचलते, मग टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालते. खुर्चीतून हात न टेकता उठणं तिला सगळ्यात जड जातं (मलाही, खरं सांगायचं तर!).

चालताना बूट मऊ आणि बंद हवेत, घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा असला तर पायाला कळणार नाही. रात्री तळवे आरशात बघायचे. आणि गरम पाणी शेकायला? अजिबात नको. पायावर जखम असेल तर चालण्याचा व्यायामही डॉक्टरांना विचारूनच.