तीन हिरव्या चिठ्ठ्या

क्रांती चौकातून रेल्वे स्टेशनकडे निघालं की मध्ये उस्मानपुरा लागतो. तिथल्या एका गल्लीत माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. जवळच सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, त्यामुळे गिऱ्हाइकांत पोरं बरीच. बावीस वर्षांत त्यांचे शौक बदलताना पाहिले. आधी स्प्रिंग कापून गाडी जमिनीला टेकवायचे, आता उचलायचे दिवस आहेत.

गेल्या दिवाळीनंतर असाच एक जण जुनी जिप्सी घेऊन आला. वाळूजला नोकरी, गाडी हौसेने घेतलेली. खाली उतरायला त्याला जवळजवळ उडीच मारावी लागली. डॅशबोर्डच्या कप्प्यातून त्याने तीन चिठ्ठ्या काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या.

‘‘काका, तीनदा अलाइनमेंट केलं. तिन्ही वेळा हिरवं आलंय. तरी साठच्या वर गाडी झिंगल्यासारखी चालते. अन् काल बीड बायपासला पुलाच्या जोडावर चाक आपटलं, तर स्टिअरिंग असं नाचायला लागलं की वाटलं, हातातून सुटतंय.’’

मी चिठ्ठ्या न उघडताच विचारलं, ‘‘गाडीला शेवटचं काय केलंस?’’

‘‘लिफ्ट केली. शॅकल दोन इंच लांब टाकले, टायर मोठे टाकले. मग थरथर सुरू झाली म्हणून स्टिअरिंगला डॅम्पर टाकला.’’

निम्मं निदान इथेच होतं. गाडी आधी सरळ चालत होती आणि अमुक काम झाल्यावर बिघडली, तर शोध त्या कामापासून सुरू करायचा. लोक उलटं करतात. बिघाड स्टिअरिंगमध्ये जाणवतो म्हणून स्टिअरिंग बॉक्स खोलतात, हजारो रुपये घालतात, आणि गाडी होती तशीच राहते.

दुसरी गोष्ट, ‘स्टिअरिंग हलतं’ या एका तक्रारीत चार-पाच वेगळे आजार लपलेले असतात. ठरावीक वेगाला बारीक थरथर येते आणि वेग वाढवला की विरते, तर ते बहुतेक चाकाचं बॅलन्सिंग. गाडी सतत एकाच बाजूला ओढते, तर आधी हवा तपासा, मग एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतोय का ते पाहा. खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपणहून वळू पाहते, त्याला आमच्या धंद्यात बंप स्टिअर म्हणतात. सरळ रस्त्यावर गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, तो कॅस्टरचा दोष असू शकतो. आणि एक दणका बसताच दोन्ही पुढची चाकं पिसाळल्यासारखी डावी-उजवी आपटू लागतात, वेग उतरल्याशिवाय थांबतच नाहीत, तो सगळ्यांत वाईट प्रकार. तसं कधी झालं तर कचकन ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, पण त्याच्याशी झुंजू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडीला हळूहळू मंदावू द्या.

टायरची हवा पाहून आम्ही निघालो. महानुभाव आश्रम चौकातून पैठण रोडला लागलो. रस्ता मोकळा पाहून हळू वेगात एक वळण घेतलं आणि स्टिअरिंगवरची पकड सैल करायला सांगितली. ते वळलेलंच राहिलं. चांगली गाडी अशा वेळी स्वतःहून सरळ होते. पन्नासच्या पुढे तो सारखा बारीक दुरुस्त्या करत होता, लहान मूल सायकल शिकताना हँडल हलवतं तसा. साठच्या वर मी त्याला जाऊ दिलं नाही.

सायकलवरूनच कॅस्टर समजतो. हात सोडून सायकल चालवता येते, त्यामागे बऱ्याच गोष्टी आहेत. त्यातली एक म्हणजे पुढचा चिमटा उभा नसतो, तिरका असतो. त्या तिरक्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. चाक त्या रेषेच्या मागे फरफटत येतं, म्हणून सरळ राहतं. मोटारीचं पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं, तो आसही असाच वरच्या टोकाला मागे झुकलेला असतो. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. जिप्सीला तो साधारण साडेतीन अंश लागतो.

आता शॅकलने काय होतं पाहा. जिप्सीचा पुढचा ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला आहे. पाट्याचं मागचं टोक चॅसिसला पक्कं, पुढचं टोक शॅकल नावाच्या दोन झुलत्या पट्ट्यांना टांगलेलं. शॅकल दोन इंच लांब केलं तर ॲक्सल पाट्याच्या मधोमध असल्यामुळे गाडी उचलते एकच इंच. पण पाट्याचं पुढचं टोक पुरतं दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर, खाली जातं. टेप लावून मोजला तर पाटा नव्वद सेंटिमीटरच्या आसपास भरला. नव्वदला पाच म्हणजे तीन अंशांचा उतार. पाटा तिरका झाला तसा त्याला बांधलेला ॲक्सलही पुढे झुकला. साडेतीनातून तीन गेले, उरला अर्धा अंश.

हे मशीनवरही तसंच आलं. पण त्यासाठी चाकं फिरत्या तबकड्यांवर घेऊन डावी-उजवी वळवून पाहावी लागतात. कॅस्टर असाच मोजला जातो, त्याला दहा मिनिटं जास्त लागतात. आपल्याकडे ‘अलाइनमेंट’ म्हटलं की बहुतेक जण फक्त टो जमवतात, म्हणजे चाकांची तोंडं एकमेकांशी समांतर आहेत का तेवढं पाहतात. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवला की टो जमतो, रकाना हिरवा होतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

मग मी त्या तीन चिठ्ठ्या उघडल्या. तिन्हींत टो हिरवा. कॅस्टरच्या रकान्यात तिन्हींवर नुसत्या आडव्या रेघा, म्हणजे कुणी मोजलाच नव्हता. तिसऱ्या चिठ्ठीच्या माथ्यावर माझ्याच दुकानाचं नाव होतं, आणि मशीन चालवणाऱ्याच्या जागी माझीच सही.

पोराला ते पहिल्यापासून माहीत होतं. लाजून गप्प बसला होता. ‘‘त्या दिवशी लई गर्दी होती काका,’’ तोच मला सावरून घेत म्हणाला.

पण नुसता कॅस्टर कमी झाला तर गाडी भरकटते. पुलावर चाकं पिसाळली त्याला आणखी काहीतरी ढिलं असायला हवं होतं. म्हणून शेजारच्या चाचांना हाक मारली. चाचा लष्कराच्या लिलावातल्या जीपा आणि जिप्स्या खोलत म्हातारे झालेत. त्यांनी आधी गाडी जमिनीवरच ठेवली. पोराला आत बसवून स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवायला लावलं आणि स्वतः खाली सरपटून एकेका जोडावर बोटं ठेवत गेले. जोड झिजला असेल तर दोन भाग एकत्र हलत नाहीत, एक आधी हलतो, दुसरा मागून. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. टाय रॉडचे एन्ड ठीक होते. स्टिअरिंग बॉक्सचा जुना खेळ होता, चालण्यासारखा.

मग जॅकवर चाक उचललं आणि वर-खाली धरून हिसका दिला. चाक बारीक डुललं. चाचा म्हणाले, ‘‘ब्रेक दबाव, बेटा.’’ त्याने ब्रेक दाबून धरला, चाचांनी पुन्हा हिसका दिला, चाक पुन्हा डुललं. ‘‘देखो साब, बेरिंग चाक का नै. किंगपिन का है.’’

ही युक्ती कुणालाही घरी करता येईल. ब्रेक दाबला की चाक आणि हब मागच्या भागाशी जखडले जातात. तरीही खेळ उरला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये नसून त्याच्या आत, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये असतो. मात्र गाडी स्टँडवर पक्की बसवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

किंगपिनची बेअरिंगं चाचांनी खोलली, बदलली, पातळ पत्र्याच्या शिम काढत-घालत पुन्हा आवळली. किती आवळायचं ते पाहायला त्यांच्याकडे आकड्याचा तराजू आहे, रद्दीवाल्याकडे असतो तसा. आकडा नकलच्या, म्हणजे किंगपिनवर वळणाऱ्या भागाच्या, टोकाला अडकवून ओढायचा आणि किती वजनाला नकल हलते ते वाचायचं. फार सहज हलली तर ढिली, फार जड गेली तर लवकर बाद.

दोष मोठ्या टायरांचाही होता. मूळ 205/70 आर 15 च्या जागी 235/75 आर 15. हिशोब केला तर टायरची उंची साडेसहा सेंटिमीटरने वाढते, वजनही वाढतं. चाक जितकं जड, तितकं एकदा हलल्यावर थांबवणं अवघड. हा अनुभव जगाला शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. 1920 च्या दशकात मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, अखंड पुढचा ॲक्सल जड झाला आणि गाड्यांची पुढची चाकं नाचू लागली. त्या काळच्या एका नाचावरून या दुखण्याला ‘शिमी’ म्हणू लागले. फ्रान्समध्ये ब्रूल्हिए नावाच्या इंजिनिअरने 1925 मध्ये त्यावर अभ्यास लिहिला. पुढे अमेरिकेत मॉरिस ओली यांच्यासारख्या इंजिनिअरांच्या कामातून जनरल मोटर्सने 1934 च्या मोटारींना दोन्ही पुढची चाकं स्वतंत्र करणारी रचना दिली. शिमी घालवणं हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

म्हणून अखंड ॲक्सल नसलेल्या नव्या गाड्यांत हा नाच फार कमी दिसतो. पण त्या उचलल्या की वेगळं बिघडतं. खालचा आर्म आणि टाय रॉड कंपनीने असे बसवलेले असतात की चाक वर-खाली होताना दोघं मिळतेजुळते कंस काढतात. गाडी दोन इंच उचलली की दोघंही ठरलेल्या जागेवरून हलतात, मग प्रत्येक खड्ड्यात टो बदलतो. स्प्रिंग कापून खाली घेतलेल्या गाडीतही हेच होतं, उलट्या बाजूने.

आता दुरुस्ती. पोराचं म्हणणं, ‘‘काका, उंची ठेवून कॅस्टर परत आणता येईल ना?’’ येतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडाची तीन अंशांची पाचर घालतात. पण ॲक्सल मागे झुकवला की त्याच्या डिफरन्शियलचं मागे वळलेलं नाक खाली जातं, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि शाफ्ट कंप पावू लागतो. वर स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक तिरकीच राहते, म्हणजे बंप स्टिअरही तसाच. एक कोन सुधारायचा, दुसरा बिघडवायचा, मग तिसरा भाग विकत आणायचा. त्याने टाकलेला डॅम्पर या साखळीतलाच होता. तापावर गोळी घेतल्यासारखी थरथर दबली आणि किंगपिन आतून आणखी सहा महिने झिजत राहिली.

कायद्याचंही सांगितलं. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. अपघात झाला तर विम्यावाले पहिल्यांदा गाडीच्या खाली वाकून पाहतात.

कायद्यापेक्षा पैठण रोडच्या त्या वळणाने त्याचं मन वळवलं असावं. कंपनीचे शॅकल आणि माळ्यावर ठेवलेले जुने टायर त्याने आणले. चाचांनी डॅम्पर मुद्दाम काढून ठेवला, आजार उरला असेल तर दिसावा म्हणून. चाकं बॅलन्स केली, तबकड्यांवर डावी-उजवी वळवली. कॅस्टर तीन अंश वीस मिनिटं आला. टो सगळ्यात शेवटी जमवला. मग पुन्हा तोच रस्ता, तेच वळण. या वेळी स्टिअरिंग हळूच फिरत स्वतः सरळ झालं. बीड बायपासच्या पुलाच्या जोडावर धप्प आवाज आला, बाकी काही नाही.

त्याच्याकडून मी अलाइनमेंटचे पैसे घेतले नाहीत. जुन्या चिठ्ठीचे घेतलेलेच होते. तेव्हापासून आमच्याकडे कॅस्टरच्या रकान्यात रेघा असलेली चिठ्ठी बाहेर जात नाही, शनिवारच्या गर्दीतही नाही. कॅस्टर जिथे जमवता येत नाही, तिथे पेनाने कारण लिहितो.

ते लांब शॅकल पोरगं दुकानातच सोडून गेलं. समोरच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेत. आठवड्यातून एखादा तरी ते पाहून विचारतो, ‘‘काका, हे विकायचे का?’’ मी त्याला आधी गाडी कोणती आहे ते विचारतो, आणि मग बसायला स्टूल देतो.