कर्नाळ्याच्या सुळक्याहून जुनं घराणं

बाळांनो, जवळ या. आज एका फार जुन्या घराण्याची गोष्ट सांगतो. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो ना? त्याचा काळा दगड ज्या लाव्ह्याचा झाला, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. पण पावसाळ्यात कर्नाळा-माथेरानच्या ओल्या दरडींवर हिरवी नक्षी पसरणाऱ्या सेलॅजिनेला नावाच्या वनस्पतीचं घराणं त्याच्याही कितीतरी आधीचं, ४० कोटी वर्षांपूर्वीचं!

“आजोबा, ते तर शेवाळं!” नाही रे बाळा. शेवाळ्यात नसतात अशा बारीक नळ्या याच्या अंगात असतात. मुळांनी ओढलेलं पाणी त्यांतून थेट शेंड्यापर्यंत चढतं. इवल्याशा पानात शीर एकच. फूल नाही, फळ नाही, बी नाही. मग वंश वाढतो कसा? फांद्यांच्या टोकांना चिमुकल्या पानांचे तुरे येतात. त्या पानांच्या बगलेत बीजाणू तयार होतात, काही मोठे, काही अगदी बारीक. मोठ्यांत मादीपेशी, बारक्यांत नरपेशी. नरपेशी शेपट्या हलवत पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशी गाठते. पाणी नाही, तर लग्न नाही!

याच घराण्यातले लेपिडोडेंड्रॉन वृक्ष ३० मीटरहून उंच वाढत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेच्या दलदलींत ते गाडले गेले आणि त्यांचा कोळसा झाला. विलायतेतली वाफेची इंजिनं त्याच कोळशावर धावली. आपल्या चंद्रपूरचा कोळसा मात्र मुख्यतः ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वेगळ्या, बी धरणाऱ्या झाडांचा.

आजचे भाऊबंदही कमी नाहीत. लायकोपोडियमच्या बीजाणूंची पिवळी पूड हवेत उधळून ज्योत दाखवली की भपकन पेटते. १८०७ साली फ्रान्समधल्या नीप्स बंधूंनी याच पुडीवर चालणारं इंजिन बनवून होडी हाकली. पाचगणीच्या पठारावर आयसोएटिस पावसाच्या उथळ पाण्यात उगवतं. दिसतं गवतासारखं, पण बीजाणू लपलेले असतात पानांच्या बुडाशी.

सेलॅजिनेलाचीच एक जात उन्हाळ्यात वाळून मुठीएवढी गोळा होते आणि पाणी मिळताच काही तासांत उलगडते. त्यामुळे ती बाजारात ‘संजीवनी’ म्हणून विकली जाते, आणि त्यापायी जंगलातून ओरबाडली जाते. तुम्ही रानात जाल तेव्हा दरडीवरचा हा हिरवा गालिचा जवळून बघा, भिंगाने निरखा, पण उपटू नका. सुळक्याहून जुनं हे घराणं आपल्या हातून बुडता कामा नये.