खिशांतील पिस्तुलाची निगा व जुन्या शस्त्रांचा पुरावा

अर्वाचीन इतिहासाच्या कागदपत्रांत पिस्तुलाचा उल्लेख आला म्हणजे तें कोणाचें, कोठून आलें व कोणीं झाडलें, एवढेच प्रश्न सामान्यतः विचारले जातात. तें झाडण्याजोगें कसें केलें व तसें कसें राखलें, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक तलवारीस जशी धार, तशी पिस्तुलास निगा. ती समजल्यावांचून जबान्यांचा व शिल्लक राहिलेल्या शस्त्रांचा अर्थ नीट लागत नाहीं. म्हणून तिचा थोडक्यांत विचार येथें केला आहे.

उदाहरणादाखल जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन शोधकाच्या योजनेप्रमाणें बेल्जममधील लीएजजवळच्या एर्स्ताल येथील कारखान्यांत तयार झालेलें १९०० सालच्या नमुन्याचें पिस्तूल घेऊं. काडतूस ७·६५ मिलिमीटरचें, पेटींत काडतुसें ७, वजन सुमारें ६२५ ग्रॅम; म्हणजे कोटाच्या खिशांत सहज मावणारें हें शस्त्र होय. १९०४ सालीं हेलसिंकी येथें शाऊमान यानें रशियाचा गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह यास, व २६ ऑक्टोबर १९०९ रोजीं हार्बिन येथें आन जुंग-गन यानें जपानचा मुत्सद्दी इटो यास याच नमुन्याच्या पिस्तुलानें गोळ्या घातल्या. १९०९ च्याच आरंभीं सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत धाडलीं, आणि २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांवर ब्राउनिंग पिस्तूलच झाडलें, हें सर्वश्रुत आहे.

या पिस्तुलाची रचना अशी कीं, बार होतांच रिकामें कवच मागें रेटलें जातें व वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाईड, त्याबरोबर मागें जातो. नळीच्या वर बसविलेली स्प्रिंग त्यायोगें दबते. तीच स्लाईडला पुढें लोटते, व जातां जातां पेटींतील नवें काडतूस नळींत बसतें. स्लाईडला अडविणारी कडी अशी कांहीं नाहीं; तिचें वजन व स्प्रिंगचा जोर यांवरच सर्व भिस्त. अर्थात् घर्षण थोडें वाढलें किंवा काडतूस थोडें मंद निघालें, तरी स्लाईड पुरती मागें जात नाहीं, कवच अडकतें, आणि शस्त्र ऐन वेळीं मुकें होतें.

नवें पिस्तूल तयार पिस्तूल नव्हे, तें यामुळेंच. कारखान्यांतून निघतांना गंज चढूं नये म्हणून शस्त्रास दाट वंगण फासलेलें असतें. तें रॉकेलानें धुवून काढावें लागतें व त्याजागीं पातळ तेलाचा हलका हात द्यावा लागतो. यंत्रावर कापलेल्या पृष्ठभागांवर सूक्ष्म ओरखडे असतात. ते एकमेकांवर घासून गुळगुळीत होण्यास कांहीं फैरी झाडाव्या लागतात. आजही कार या अमेरिकन कारखान्याची सूचना अशी आहे कीं, २०० फैरी झाल्यावांचून त्याच्या लहान पिस्तुलावर विसंबूं नये. आतां १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याखालीं बिनपरवाना शस्त्र बाळगणाऱ्यास इतके बार कोठें काढतां येणार? सरावास काडतुसें खर्चावीं, तर कामास उरत नाहींत. न खर्चावीं, तर शस्त्राचा भरंवसा नाहीं. काडतुसांच्या संख्येविषयीं जबान्यांत जे आंकडे येतात, ते या दृष्टीनें वाचले पाहिजेत.

दुसरी गोष्ट गंजाची. त्या काळच्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचें पोटॅशियम क्लोराईड हें क्षार बनून नळींत बसे. हें क्षार मिठाप्रमाणेंच हवेंतील ओल शोषून घेतें आणि पोलादास खातें. तें तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतें. म्हणून नुसतें तेल लावलेली नळी तेलाखालींच गंजत असे. अमेरिकेच्या खाणखात्यानें १९२२ सालीं याचें कारण प्रयोगानें दाखवून दिलें. खरा उपाय असा: प्रथम पेटी काढून नळी रिकामी असल्याची खात्री करावी, नळी कढत पाण्यानें धुवावी, कोरडी पुसावी, मगच तेल द्यावें. तेल फार झालें तर तें काडतुसाच्या टोपींत शिरून काडतूस निकामी करतें, हेंही ध्यानांत ठेवावें. कोंकणच्या पावसाळ्यांत तर एवढी सावधगिरी घेऊनही वारंवार पाहणी करावी लागे.

यावरून संशोधकानें घ्यावयाचा बोध असा. जुन्या पिस्तुलाची नळी आंतून खड्ड्याखड्ड्यांची दिसली, तर तें केवळ जुनेपणाचें लक्षण समजूं नये. तें झाडलें गेलें व नंतर धुतलें गेलें नाहीं, असा संभव अधिक. उलट नळी स्वच्छ असली, तर तें कधीं झाडलेंच नाहीं असें मात्र ठरत नाहीं. चांगली निगा राखणाऱ्या हातांतही तें असूं शकेल.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुनें शस्त्र चकचकीत करण्याच्या हौसेनें तें कानशीनें वा वाळूच्या कागदानें घासूं नये. त्यावरील अनुक्रमांक व लीएजच्या परीक्षागृहाचे छाप हीं कागदावरील शिक्क्यामोर्तबासारखींच पुराव्याचीं साधनें आहेत. गंज पुसतांना तीं पुसलीं गेलीं, तर मागें पोलाद राहील, इतिहास राहणार नाहीं.