घरीं बांधलेल्या विमानाचे सांधे

विमान म्हटलें म्हणजे मोठमोठ्या कारखान्यांत, शेंकडों तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं तयार होणारी वस्तु, अशीच आपणांपैकीं बहुतेकांची समजूत असते. परंतु राइट बंधूंचें पहिलें विमान कोणत्याहि मोठ्या कारखान्यांत जन्मास आलें नाहीं. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत डेटन गांवीं सायकली विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या या दोघां भावांनीं तें आपल्या दुकानांत सिद्ध केलें आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं उडविलें. पुढें सांतोस-द्युमाँ यांनीं आपल्या 'देम्वाझेल' नांवाच्या चिमुकल्या विमानाचे आराखडे सर्वांस खुले केले, व १९१० सालीं 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकन मासिकानें ते छापले. म्हणजे आपलें विमान आपणच बांधावें ही कल्पना विमानविद्येइतकीच जुनी आहे. ती आज कोणत्या थरास पोंचली आहे, आणि तींत जिवाचा प्रश्न नेमका कोठें दडलेला असतो, हें वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

१९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं विस्कॉन्सिन राज्यांत हौशी विमानकारांची 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून त्याच राज्यांतील ऑशकॉश गांवीं भरतो. ओरेगन राज्यांतील 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' ही कंपनी अशा विमानांचे सुटे भाग पुरविते. तिच्या आराखड्यांवरून बांधलेलीं दहा हजारांहून अधिक विमानें आजवर उडालीं आहेत. या सुट्या भागांच्या संचास 'किट' म्हणतात. कारखाना अॅल्युमिनियमचे पत्रे कापून, त्यांस भोंकें पाडून पेट्यांतून पाठवितो. इंजिन, पंखा व उपकरणें बहुधा निराळीं घ्यावीं लागतात. पुढें हजारों रिव्हिट ठोकणें, नळ्या वांकविणें, तारा जोडणें हें सर्व काम घेणाऱ्यानें आपल्या घरच्या गाडीखान्यांत करावयाचें. तेथील कायदाच असा आहे कीं, विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी मनुष्यानें शिक्षणासाठीं अथवा करमणुकीसाठीं स्वतः बांधलेला असला पाहिजे.

आपल्याकडेहि या वेडाचीं माणसें आहेत. मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवलीस इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईस भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें, व नोव्हेंबर २०१७ मध्यें सरकारदप्तरीं त्याची नोंद झाली. तें मात्र किटाचें नव्हे. त्याचा आराखडाहि यादव यांचाच. किटाच्या मार्गांत आराखड्याची चिंता दुसऱ्यानें वाहिलेली असते, हातांच्या कामाची चिंता तेवढी बांधणाऱ्याच्या वांट्यास येते.

हा विषय आमच्या घरांत केवळ कुतूहलाचा राहिला नाहीं. माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतो. त्यानें तीन वर्षांपूर्वीं दोन आसनांचें विमान बांधावयास घेतलें. पदरीं बायको व दोन मुलें. इकडे पुण्यास त्याच्या मातोश्रींना, म्हणजे आमच्या वहिनींना, ही वार्ता कळल्यापासून अन्न गोड लागेना. "भावोजी, तो तुमचें ऐकतो. त्याला सांगा, हवी तर मोटार चालव, पण हातानें जुळविलेल्या पत्र्यांत बसून आकाशांत जाऊं नकोस," असें त्यांनीं मला निक्षून सांगितलें. गतवर्षीं तिकडे जाण्याचा योग आला तेव्हां हा निरोप घेऊनच मी गेलों. परंतु निरोप देण्यापूर्वीं काम आपल्या डोळ्यांनीं पाहावें असें मनाशीं ठरविलें. न पाहतां केलेला उपदेश तरुणांच्या कानांवरून जातो, हा शाळेंतील जन्माचा अनुभव आहे.

आपल्यासारख्यांस भीति वाटते ती पंख मोडण्याची. अपघातांच्या नोंदी निराळेंच सांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २०१२ सालीं घरगुती विमानांविषयीं अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत इंजिनाची शक्ति जाणें आणि उड्डाणांत विमानावरील ताबा सुटणें हीं अपघातांचीं प्रमुख कारणें आढळलीं. आणि परवाना देण्यापूर्वीं इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चांचणी झाल्याचा लेखी पुरावा मागावा, अशी शिफारस मंडळानें केली. टांकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल वाहून नेणाऱ्या नळ्या, तोट्या, गाळण्या, पंप व त्यांचे सांधे यांस येवढें महत्त्व कां, तें थोडें विचार करितांच कळून येतें.

सांधा सैल असला म्हणजे पेट्रोल बाहेर गळतें, त्याची वाफ सांचते व आगीचें भय उत्पन्न होतें, हें उघड आहे. परंतु याहून फसवा प्रकार दुसरा आहे. ज्या विमानाचे पंख खालच्या अंगास असतात त्यांत पंप पंखांतील टांकींतून पेट्रोल वर ओढून घेतो. या ओढीच्या नळींतील सांधा सैल असेल तर थेंबहि बाहेर पडत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत शिरते. जमिनीवर सर्व कोरडें व स्वच्छ दिसतें, आणि ऐन चढतीच्या वेळीं पेट्रोलाऐवजीं हवेचे बुडबुडे ओढले जाऊन इंजिन आंचके देऊं लागतें. डोळ्यांस न दिसणारा दोष तो हाच.

मग सर्व सांध्यांस भरपूर लुकण फांसलें म्हणजे झालें, असें कोणासहि वाटेल. पुतण्यास मीं तसेंच विचारलें. तो म्हणाला, "काका, तुम्हीच आम्हांला संधि शिकविलात. सगळीकडे एकच नियम चालतो का?" त्याचें म्हणणें यथार्थ होतें. संस्कृतांत स्वरापुढें स्वर आला म्हणजे संधि होतो. परंतु 'हरी एतौ' यांसारख्या ठिकाणीं, पद द्विवचनी असल्यामुळें, संधि न होतां दोन्ही स्वर जसेच्या तसे राहतात. त्यास वैयाकरण प्रकृतिभाव म्हणतात. विमानाच्या नळ्यांतहि असाच भेद आहे.

पहिला प्रकार फुलविलेल्या तोंडाचा. अॅल्युमिनियमच्या नळीचें तोंड हत्यारानें कर्ण्यासारखें फुलवितात व तें तशाच उताराच्या शंकूवर नटानें आवळून बसवितात. विमानांत हा उतार ३७ अंशांचा असतो, मोटारींच्या नळ्यांत बहुधा ४५ अंशांचा. दोन्ही वरवर सारखेच दिसतात. पण एकावर दुसरा चढविला तर सर्व पृष्ठभाग न टेंकतां केवळ एक बारीक कडा टेंकते. येथें धातूवर धातु नीट बसणें हेंच गळती थांबविण्याचें साधन होय. नटाच्या आट्यांचें काम फक्त ओढून धरण्याचें. म्हणून या शंकूवर लुकण लावणें निषिद्ध आहे. लुकणानें वांकडें बसलेलें तोंड झांकलें जातें, दोष मात्र तसाच राहतो. तोंड फुलविल्यावर त्यास केसाएवढी चीर गेली आहे कीं काय, हें पुतण्या भिंगांतून पाही, आणि चीर दिसली कीं तेवढा तुकडा कापून टाकून पुन्हा आरंभ करी.

दुसरा प्रकार निमुळत्या आट्यांचा. आपल्या घरच्या नळाच्या आट्यांस नळवाला पूर्वीं सुतळी व सफेता लावीत असे, आतां पांढरी फीत गुंडाळतो. अमेरिकन मापाच्या या आट्यांचा व्यास सोळा इंचांच्या लांबीस एक इंच या प्रमाणांत वाढतो. त्यामुळें पिळतांना ते पाचरीसारखे घट्ट होत जातात. तरी आट्यांच्या माथ्याशीं व तळाशीं मळसूत्राकार बारीक वाट उरतेच. ती बुजविण्यास येथें लुकण आवश्यक आहे, आणि तेंहि पेट्रोलांत न विरघळणारें. पण नळवाल्याची फीत येथें चालत नाहीं. तिचा एकादा तुकडा सुटून आंत गेला तर गाळणींत किंवा इंजिनाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतो, आणि गळती थांबविणारी वस्तुच प्रवाह थांबविते. म्हणून पातळ लेपासारखें लुकण घेऊन, टोंकाचा पहिला आटा कोरडा ठेवून, पुढें लावावें. फाजील जोर केल्यास आंतील आट्यांची भिंतच फुटते. किती जोर लागला हें दाखविणारा पाना वापरून, काम झाल्यावर नट व तोटी यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढतात. पुढें नट जराहि फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

तिसरें काम टांकीचें. कित्येक किटांत पंखाचा पुढचा पोकळ भागच टांकी असतो. त्याचा प्रत्येक रिव्हिट व प्रत्येक जोड दोन द्रव्यांच्या लुकणानें भरावा लागतो. एक द्रव्य पांढरें, दुसरें काळें. नेहमींच्या एका जातींत वजनानें दहा भाग पांढऱ्यास एक भाग काळें घेतात. हें माप डोळ्यांनीं चालत नाहीं, तराजू लागतो. पुरणांत गूळ जसा एकजीव व्हावा तसें मळून, एकहि रेघ न उरतां सर्वत्र सारखा राखी रंग आला पाहिजे. पत्रा आधीं घांसून तेलकटपणा पुसून काढावा लागतो. कालविलेलें लुकण ठराविक वेळानें घट्ट होऊं लागतें, त्यापूर्वीं काम उरकावें लागतें. द्रव्याचा दर्प उग्र, हात चिकट, दिवे मंद. या कामाचा कंटाळा न येणारा मनुष्य मीं पाहिला नाहीं.

टांकी पुरी झाल्यावर तिची परीक्षा. हवा भरण्याच्या नळीस रबरी फुगा बांधून टांकींत किंचित् हवा भरतात व जोडांवर साबणाचें पाणी लावतात. मोटारीच्या पंपाचा जोर येथें घातक आहे. गणित सोपें आहे: टांकीची एक बाजू २४ इंच लांब व १८ इंच रुंद धरली तर क्षेत्रफळ ४३२ चौरस इंच, दर चौरस इंचास एकच पौंड दाब दिला तरी त्या पत्र्यावर ४३२ पौंड, म्हणजे सुमारें १९६ किलोग्रॅम जोर पडतो. म्हणून फुग्याचा हलका दाबच बरा. पुतण्याचा फुगा सकाळीं भरला तो दुपारीं मऊ पडला. हवा थंड झाली तरी फुगा आकसतो, तेव्हां तें कारण असावें अशी आशा होती. परंतु साबणाच्या पाण्यांत मागच्या जोडावरील एका रिव्हिटाशीं बारीक बुडबुडे दिसले. बाहेरून लुकणाचा एक ठिपका दिला असता तर बुडबुडे कदाचित् थांबलेहि असते, आणि पाहणारा कोणी नव्हता. त्यानें तसें केलें नाहीं. मागचा पत्रा उसकटून, जुनें लुकण खरवडून, पुन्हा बसविण्यास त्यास दोन महिने लागले.

टांकी न गळणें एवढ्यानें परीक्षा संपत नाहीं. पेट्रोल पुरेसें पोंचतें का, हें पाहावें लागतें. विमानाचें नाक चढतीच्या वेळीं असतें तितकें उंच ठेवून, इंजिनाजवळची नळी सोडून, पेट्रोल भांड्यांत मोजून घेतात. उड्डाणाच्या आरंभीं इंजिनास जितकें लागतें त्याच्या सव्वापट पंपानें मिळालें पाहिजे. केवळ उंचावरून वाहत येत असेल तर दीडपट. मिनिटास एक लिटर लागत असेल तर अनुक्रमें सव्वा व दीड लिटर भांड्यांत पडलेच पाहिजेत.

ही काटेकोर दृष्टि व्यर्थ नाहीं, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांनीं 'लाँग-ई-झेड' जातीचें घरगुती विमान विकत घेतलें होतें. मूळ आराखड्यांत टांकी बदलण्याची तोटी वैमानिकासमोर होती. बांधणाऱ्यानें ती त्याच्या डाव्या खांद्यामागें बसविली होती आणि तिजवर खुणाहि नव्हत्या. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं पेट्रोल न भरतां डेन्व्हर निघाले, आणि कॅलिफोर्नियांत मॉन्टरे उपसागरावर ती तोटी फिरविण्याच्या प्रयत्नांत विमानाचा ताबा सुटून ते मृत्यु पावले. चौकशींत वैमानिकाच्या तयारींतील उणिवांबरोबर तोटीच्या या जागेसहि दोष देण्यांत आला.

घरगुती विमानांत प्रवाशास दिसेल अशी एक पाटी लावावी लागते: हें विमान हौशी मनुष्यानें बांधलेलें असून नेहमींच्या विमानांस लागू असलेले सुरक्षेचे सरकारी नियम तें पाळीत नाहीं. शिवाय आरंभीच्या चांचणीच्या काळांत, जो पुष्कळदां २५ अथवा ४० तासांचा असतो, हौसेखातर कोणास बरोबर नेतां येत नाहीं. कायद्यानें बायकामुलांचा विचार केला आहे तो असा.

वहिनींचा निरोप मीं पुतण्यास सांगितला, आणि त्याचबरोबर उसकटलेल्या टांकीची हकीकत वहिनींस कळविली. त्यांची काळजी गेली नाहीं, जाऊंहि नये. पण "उडूं नको" या हट्टाऐवजीं त्या आतां दर रविवारीं फोनवर "या आठवड्यांत काय तपासलेंस?" असें विचारतात, आणि त्यास खरें उत्तर द्यावें लागतें.

घरांतील तरुणांनीं असें एकादें साहस आरंभिलें म्हणजे वडील माणसांनीं सरसकट नकार देऊं नये, आणि कौतुकानें डोळेहि मिटूं नयेत. कोणता सांधा कशानें बसविला, त्याची परीक्षा केव्हां झाली, तिची नोंद कोठें आहे, हें विचारावें. ज्यास हीं उत्तरें वहींत दाखवितां येतात, त्यास आशीर्वाद देण्यास हरकत नाहीं. ज्यास येत नाहींत, त्यास जमिनीवरच थांबविणें हें वडिलांचें कर्तव्य होय.