धुऱ्याची जागा सोडायची कुणी?

आज आम्ही बफर झोनबद्दल बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे. वनखात्याच्या पाटीवर तो वाचलेला असतो, लढाईच्या बातम्यांत ऐकलेला असतो. पण वस्तू आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. दोन वावरांमधला धुरा म्हणजे बफरच.

धुऱ्यावर पीक येत नाही. गवत येतं, एखादी बोर, एखादा निंब येतो. पाऊस जोराचा झाला की तेच गवत वावरातली माती धरून ठेवतं. शेजारच्या वावरात फवारणी चालू असली तर औषधाचा थोडा तुषार त्या झाडोऱ्यात अडतो. दुपारी भाकर खायला सावली मिळते ती वेगळीच. आणि तरीही दरवर्षी वखरणीला कुणीतरी धुरा वीतभर कोरतो. पाच-सात वर्षांत धुऱ्याची नुसती रेघ उरते. मग मोजणी, तहसील आणि दोन घरांचं बोलणं बंद. धुरा दोघांच्याही कामाचा, पण त्याची जागा आपल्या वावरातून सोडायला कुणी तयार नसतं. बफर कुठलाही असो, गोष्ट येऊन अडते ती इथेच.

कपाशीचं बघा. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि बीजी-२ हे वाण २००६ मध्ये आलं. तेव्हापासून कितीतरी हंगाम ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक लहान पुडी यायची. तिच्यात साधी, बिगर-बीटी सरकी असायची. नियम असा होता की बीटीच्या भोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी लावायच्या, किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त होईल ते. टोबणी आपल्याच हातची, त्यामुळे ही पुडी आपल्यापैकी अनेकींनी हाताळली असेल. ती कशासाठी, हे मात्र फार थोड्या जणींना कुणी समजावून सांगितलं.

ती अळीला खाऊ घालायला होती. बीटीच्या झाडावर बहुतेक अळ्या मरतात, पण हजारोंत एखादी तगते. तगलेल्या अळीच्या पतंगाला जोडीदारही तगलेलाच भेटला, तर पुढची सगळी पिल्लावळ बीटी पचवणारी निघते. भोवतीच्या साध्या ओळींवर मात्र नेहमीच्या अळ्या मजेत वाढतात आणि त्यांचे भरपूर पतंग उडतात. तगलेल्या पतंगाची जोडी मग त्यांच्यातल्याच एखाद्याशी जमते आणि त्यांची पिल्लं बीटीवर पुन्हा मरतात. थोड्या ओळी अळीला द्यायच्या आणि बाकी शिवार वाचवायचं, असा तो हिशेब. अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. गुलाबी अळी मुख्यतः कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यासाठी साध्या कपाशीच्याच ओळी लागतात.

आता शेतकऱ्याच्या घरचा हिशेब मांडू. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. त्याचे वीस टक्के सोळा गुंठे. सोळा गुंठ्यांवर अळी पाळायची, निंदण तेवढंच, खत तेवढंच. फायदा कुणाचा? साऱ्या गावाचा, तोही पुढच्या काही वर्षांत. नुकसान कुणाचं? ज्या घराने ओळी लावल्या त्याचं, याच हंगामात. शेजाऱ्याने पुडी फेकली तरी त्याला फायदा मिळणारच होता. मग पुड्या बांधावर पडल्या, नांग्या भरायला गेल्या. शेतकऱ्याला शिकवण कमी पडली असं म्हणतात, पण आम्हाला ते अर्धंच खरं वाटतं. सोळा गुंठ्यांची भरपाई द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही, हे उरलेलं अर्धं.

२०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने विदर्भातली कपाशी पोखरली. साध्या ओळी न लावणं हे एकच कारण नव्हतं. फरदड घेणं, पऱ्हाटी महिनोन् महिने उभी ठेवणं हीही कारणं होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, हेही विसरता येत नाही. पुढे साधी सरकी त्याच पाकिटात मिसळून द्यायची पद्धत आली. ओळी लावायच्या की नाही हा प्रश्नच त्यामुळे मिटला. उपाय चांगला आहे, पण तो आला तेव्हा अळी बीटी पचवायला शिकून बसली होती.

आता गावाबाहेरचा मोठा धुरा. आपल्या जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे, साधारण दोनशे पाच चौरस किलोमीटरचं, अस्वलांसाठी ओळखलं जाणारं. २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालून तिथे पोहोचला, ती बातमी तुम्ही ऐकली असेल. तो आला तो वावरांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडून, म्हणजे माणसांच्याच जागेतून. आपल्या संग्रामपूरकडचं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. मेळघाटचा गाभा सुमारे पंधराशे चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचा बफर साडेबाराशेच्या वर. त्या बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत.

नकाशावर बफर हिरव्या रंगाचा असतो. राहणाऱ्या बाईसाठी तो रात्रीची जागल असतो, रानडुकरांनी लोळवलेला मका आणि रोह्यांनी खुडलेला हरभरा असतो. मोहफुलं वेचायची वेळ पहाटेची, आणि अस्वलही मोहफुलांवर त्याच वेळी येतं. त्याला दिसतं कमी, वास मात्र चांगला येतो. खाली मान घालून खाणाऱ्या अस्वलाच्या अंगावर आपण नकळत जातो आणि ते घाबरून झेप घेतं. म्हणून एकटीने जाऊ नका, बोलत जा, चांगलं उजाडल्यावर जा. गुरं मारली गेली किंवा कुणाला इजा झाली तर जागा तशीच ठेवा, वनरक्षकाला लगेच कळवा, पंचनामा झाल्याशिवाय जनावर हलवू नका. वनखात्याचा फोन १९२६.

कायद्याने या धुऱ्याची किंमत थोडी ओळखली आहे. वन्यजीव कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार व्याघ्र प्रकल्पाच्या बफरची हद्द ग्रामसभेशी सल्लामसलत करून ठरवायची असते आणि तिथल्या लोकांच्या उपजीविकेचा विचार करायचा असतो. बफरमधल्या आणि अभयारण्यालगतच्या गावांसाठी राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून सरपणाऐवजी गॅस देण्यासारखी कामं होतात. ती गावाच्या परिस्थितिकीय विकास समितीमार्फत चालतात. आपलं गाव त्यात बसतं का, समिती आहे का, तिच्यात बाया किती, हे ग्रामसभेत विचारा. वाघ सगळ्या देशाचा आहे, मग त्याची जागल एकट्या बफरमधल्या बाईने का करावी?

लढाईतही हेच दिसतं. कोरियात १९५३ मध्ये लढाई थांबली तेव्हा दोन्ही फौजा मागे सरल्या आणि मध्ये चार किलोमीटर रुंद, अडीचशे किलोमीटर लांब पट्टा राहिला. त्यात सुरुंग पेरलेले आहेत. माणसाचा वावर नसल्याने हिवाळ्यात तिथे दुर्मीळ क्रौंच पक्षी उतरतात. पण तो पट्टाही पूर्ण रिकामा नाही. दक्षिणेच्या बाजूला देसोंग-डोंग नावाचं एक गाव आत आहे. तिथले लोक भात पिकवतात आणि रात्री ठरल्या वेळेनंतर बाहेर पडत नाहीत. त्या बदल्यात सरकारने त्यांना कर आणि सक्तीची फौजी नोकरी माफ केली आहे. धुऱ्यावर राहण्याचा मोबदला तिथे ठरवून दिला आहे.

शेवटी गावातला एक धुरा. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे एक्क्याण्णव मीटरच्या आत, तंबाखू, गुटखा, बिडी विकायला मनाई आहे. पुष्कळ गावांत टपरी मात्र शाळेच्या फाटकाला लागूनच असते. गटाच्या पुढच्या बैठकीनंतर एक लांब दोरी घ्या आणि फाटकापासून मोजून बघा. मात्र टपरी एखाद्या एकट्या बाईची असेल, तिचं घर त्यावर चालत असेल, तर आधी ग्रामपंचायतीकडून तिला आठवडी बाजाराच्या बाजूला जागा मागा. ती मिळाल्यावर मग टपरी हलवायचं तिला सांगा.